मामांच्या डायरीचे फोटो काढू का?

*आदरणीय भाई,*

*गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तीन वर्षं प्रॉडक्शन ऑफिसर आहे. आमची खोकी वेर्ण्याच्या औषध कंपन्यांना, मासळीच्या निर्यातदारांना, काजूवाल्यांना जातात. सिंगल फेसर मशीनवर, म्हणजे जिथे कागदाला फ्लूट, म्हणजे नागमोडी वळ्या, पडतात आणि तो पहिल्या लायनरला, म्हणजे सपाट कागदाला, चिकटतो तिथे, एक ज्येष्ठ ऑपरेटर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. एकतीस वर्षं याच मशीनवर. येत्या ३० सप्टेंबरला ते निवृत्त होतायत. पावसाळ्यात बोर्ड वाकायला लागला की गम किती जाड-पातळ ठेवायचा, कागद गरम रोलवर किती गुंडाळून घ्यायचा, हे त्यांच्याशिवाय कुणाला नीट जमत नाही. गेल्या जुलैत ते तापाने तीन दिवस घरी होते. रात्रपाळीचा अख्खा लॉट वाकला, गिऱ्हाइकाने परत पाठवला आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला मेमो मिळाला.*

*आमच्या मालकांनी आता 'नॉलेज मॅनेजमेंट' मनावर घेतलंय. सॉफ्टवेअर आणलंय. प्रत्येकाने आठवड्याला दोन 'लर्निंग' भरायची, त्याला पॉइंट, पॉइंटांवर चतुर्थीची भेट. लोक भरतात, 'मशीन स्वच्छ ठेवावे', 'कागद ओला होऊ देऊ नये'. मामांचं ज्ञान 'कॅप्चर' करायचं काम माझ्याकडे आलंय. तीन वेळा फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यासमोर बसले. 'गम पळयल्यार कळटा' (गम बघितला की कळतं) म्हणाले आणि चहाला गेले. मागे लागले की म्हणतात, 'सांगतां गो, घाय कित्याक? हांव आसां मू!' (सांगतो गं, घाई कशाला? मी आहे ना!)*

*त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असते. कुणाला दाखवत नाहीत. आमच्या एचआरमधला मुलगा म्हणतो, ते जेवायला गेले की लॉकरमधून काढून फोटो घे. मला पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. त्यांच्या हाताखाली दोन मुलं आहेत, दोन्ही ठेकेदाराची. त्यातला झारखंडचा एक फार हुशार आहे. पण मामा म्हणतात, ठेक्याच्या पोरांना शिकवून काय करायचं, उद्या दुसरीकडे जातील. काय करू?*

*फोंड्याची एक वाचक*

ताई,

फोटो काढू नका. तुम्हालाच ते पटत नाही, त्यामुळे बरोबर की चूक यावर शाई खर्च करत नाही. फक्त व्यवहार सांगतो. कारखान्यात अशी गोष्ट संध्याकाळची बस सुटायच्या आत सगळ्यांना कळते. त्यानंतर मामाच काय, बॉयलरवालासुद्धा तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही. आणि एवढं करून हाती काय लागेल? कामगारांच्या अशा डायऱ्या मी बऱ्याच पाहिल्यात. 'मंगळवार, पाऊस, १८ केले, बरें' असं काहीतरी असतं. अठरा काय? सेकंद, किलो की अंश? लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो लिहीत नाही. ती डायरी मामांना मामांची आठवण करून देते, एवढंच तिचं काम.

आता तुमच्या पत्रात जे नाही त्याकडे येतो. ३० सप्टेंबरनंतर मामांचं काय, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. बहुधा कुणी विचारलेलंच नाही. निरोपाचा कार्यक्रम ठरला असेल. शाल, श्रीफळ, कंपनीचं नाव घातलेलं भिंतीवरचं घड्याळ. पुढे? कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली ती महिन्याला १००० रुपये. मामांना त्याहून जास्त मिळेल, पण १५,००० रुपये पगाराची मर्यादा धरून हिशेब केलात तर आकडा चार अंकी राहतो. त्यात फोंड्यात घर चालवून बघा. मामांकडे विकण्याजोगं जे काही आहे ते त्यांच्या बोटांत आहे. ऑक्टोबरमध्ये कुणी फोन करून 'मामा, जरा येऊन जाल का?' विचारेल, ही त्यांची आशा त्यावर उभी आहे. आणि तुम्ही नेमकं तेच मागताय, फुकटात, रेकॉर्डर लावून. 'हांव आसां मू' या वाक्यात मला आडमुठेपणा ऐकू येत नाही. मामांच्या जागी मीही चहालाच गेलो असतो.

तेव्हा सुरुवात मालकांच्या केबिनपासून करा. निवृत्तीनंतरचे निदान दोन पावसाळे मामांना प्रशिक्षक म्हणून ठेवायचं करारपत्र मागा. जून ते सप्टेंबर आठवड्याचे अमुक दिवस, दिवसाचा दर, रात्री मशीनवरून फोन गेला तर त्याचे वेगळे पैसे, येण्या-जाण्याची सोय. हे सगळं कागदावर, सहीशिक्क्यासह, आणि मामांना पुढचा प्रश्न विचारायच्या आधी त्यांच्या हातात. तोंडी आश्वासन चालणार नाही. 'पळोवया', म्हणजे 'बघू', हा शब्द एकतीस वर्षांत त्यांनी किती वेळा ऐकला असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मालक म्हणतील, पगार दिला, मग शिकलेलं कंपनीचंच नाही का? कायद्याची चर्चा करत बसू नका. गेल्या जुलैत परत आलेल्या लॉटची रक्कम, त्याचं दुहेरी भाडं आणि मामांचा दोन पावसाळ्यांचा दर हे तीन आकडे एका कागदावर एकाखाली एक मांडा आणि तो कागद टेबलावर ठेवून गप्प बसा.

पत्र मिळालं की मामा उद्यापासून घडाघडा बोलू लागतील असं मात्र धरून चालू नका. दुसरी अडचण तेव्हा दिसेल. त्यांना सांगायचं असलं तरी सांगता येणार नाही.

'गम पळयल्यार कळटा' हे टाळण्यासाठी दिलेलं उत्तर आहे असं तुम्हाला वाटलं. माझ्या मते ते अगदी प्रामाणिक उत्तर आहे. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं, असं मायकेल पोलानी या विचारवंताने १९६६ मध्ये मांडलं, आणि संस्थांमधल्या ज्ञानाबद्दलची पुढची बरीच चर्चा तिथून सुरू होते. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना विचारलं, जळत्या घरापुढे तुम्ही निर्णय कसे घेता? ते म्हणाले, आम्ही निर्णय घेतच नाही, काय करायचं ते दिसतं. मामांचंच उत्तर झालं हे! क्लाइनने मग प्रश्न बदलला. 'तुम्ही काय करता' हे सोडून 'त्या अमुक आगीत काय झालं' असं विचारायला लागला. पहिल्यांदा काय दिसलं, काय खटकलं, कुठल्या क्षणी बेत बदलला. एकेका प्रसंगावर ते अधिकारी मग तासतासभर बोलत.

तेव्हा रेकॉर्डर घरी ठेवा आणि मामांना प्रसंग विचारा. 'गेल्या वर्षी तो औषधवाल्यांचा पाच थरांच्या बोर्डाचा लॉट वाकायला लागला, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा कुठे हात लावला?' 'आत्ता इथे नवा पोरगा असता तर काय चुकला असता?' हा दुसरा प्रश्न मला फार आवडतो. स्वतःच्या हुशारीबद्दल बोलायला मामांसारखी माणसं लाजतात. दुसऱ्याच्या चुकांबद्दल मात्र मोकळी सुटतात. हे प्रश्न केबिनमध्ये विचारू नका. मशीनजवळ विचारा, कागद हातात असताना.

आणि काय विचारायचं ते आधी ठरवा. एकतीस वर्षं चार महिन्यांत कुणी उतरवून घेत नाही, त्याची गरजही नाही. मामांना ठाऊक असलेलं बरंचसं त्या मशीनवरच्या बाकीच्यांनाही ठाऊक आहे. नेमकं काय ठाऊक नाही ते शोधायचा एक साधा मार्ग: गेल्या तीन वर्षांचं मामांच्या रजेचं रजिस्टर घ्या आणि रिजेक्शनचं रजिस्टर घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. मामा रजेवर असताना कुठल्या प्रकारचा माल बिघडला, कुठल्या महिन्यात, कुठल्या मिलचा कागद होता, ते उतरवून काढा. मला वाटतं तीन-चार गोष्टींवरच बोट पडेल. ओल्या हवेतला गम आणि वाकणारा बोर्ड या तर असणारच. बाकीच्या कदाचित तुम्हालाही नव्या असतील. या यादीबाहेरचं काही शिकायला मिळालं तर घ्या, पण त्याच्या मागे धावू नका.

इथे पंचांगाकडेही बघायला हवं, आणि बहुतेक अधिकारी तेच विसरतात. आत्ता जून लागलाय. पावसातलं मशीन शिकायची ही शेवटची संधी आहे, कारण मामांच्या नोकरीतला हा शेवटचा पावसाळा. एप्रिल-मेमधलं काम कुणीही पुढच्या वर्षी शिकेल. म्हणून जून-जुलैत मामांना मशीनवरून हलवू नका, त्यांना मीटिंगांना बसवू नका, ऑडिटची कागदपत्रं लावायला तर अजिबात देऊ नका. सततच्या पावसानंतर पहिल्यांदा ऊन पडलं, गोदामात महिनाभर पडून राहिलेला रील लावला, मिल बदलली: असे दिवस हेरून ठेवा. वर्षातून दोनदाच येणाऱ्या गोष्टी आधी, रोजच्या नंतर.

चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस तर कॅलेंडरवर लाल शाईने खूण करून ठेवा. आपल्याकडे त्या आठवड्यात कारखाना रिकामा होतो हे मी सांगायला नको. बंद पडलेलं, गार झालेलं, दमट हवेत राहिलेलं मशीन पुन्हा चालू करायचं, हे मामा दरवर्षी करतात आणि कुणी बघत नाही, कारण सगळे अजून माटोळीच्या, गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या, गप्पांत असतात. यंदा ते मशीन त्या झारखंडच्या मुलाने चालू करावं. मामांनी शेजारी उभं राहावं, हात खिशात घालून. मुलगा चुकेल तिथे मामांच्या तोंडून जे निघेल ते महिनाभराच्या मुलाखतींत निघालं नसतं.

त्या मुलाचं बोलूया आता. मामा म्हणतात ते चुकीचं नाही. ठेक्याचा माणूस जातो. त्याला दर महिन्याला दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळत असतील तर त्याने का राहावं? तुमच्या कारखान्याने सगळ्यात नाजूक मशीनचा वारस असा ठेवलाय की त्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावरसुद्धा नाही. सॉफ्टवेअरचं बिल भरणाऱ्या कंपनीला एका माणसाला कायम करणं जड जाऊ नये. हे मालकांना त्याच बैठकीत सांगा, मामांच्या करारपत्राबरोबर. दोन्ही कागद एकाच दिवशी निघाले तर उत्तम. मामांना दिसेल की आपण शिकवलेलं इथेच राहणार आहे.

हा वारशाचा मुद्दा गोव्यात तरी फोड करून सांगायला लागू नये. आपली खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, बघा. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची, दारं कधी अडवायची, बांधाला भगदाड पडलं तर माती, चिऱ्याचे तुकडे, पेंढा कसा भरायचा, भरतीच्या किती आधी माणसं उभी करायची, हे शतकानुशतकं चालत आलं. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये अफोंसो मेशियाचा फोराल, म्हणजे सनद, काढून गावकाऱ्यांच्या, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थांच्या, चालीरीती आणि हक्क कागदावर आणले. पण बांध टिकले ते गावकारीने बांध राखायची जबाबदारी माणसांवर ठेवली म्हणून. मालकी, कूळ, भाडं यांची घडी बदलली, जबाबदारी कुणाची हेच धूसर झालं, तसे ठिकठिकाणी बांध फुटले आणि खारं पाणी शेतात आलं. माहिती असलेली म्हातारी माणसं तेव्हाही गावात होतीच. तुमच्या झारखंडच्या मुलाला मशीनची माहिती द्याल, पण बोर्ड वाकला तर उत्तर त्याने द्यायचं आणि त्यासाठी रील थांबवायचा अधिकारही त्याचाच, असं जोवर ठरत नाही तोवर तो मामांचा मदतनीसच राहील.

लिहायचं कुणी? मामांनी नाही. तुम्हीही नाही. त्या मुलाने. हा मुद्दा मी जरा हट्टाने सांगतो, कारण सगळीकडे उलटं चालतं. जाणकाराला लिहायला बसवलं की तो त्याला सोपं वाटतं ते गाळतो, आणि नेमकं तेच शिकाऊ माणसाला अडतं. शिकणारा लिहितो तेव्हा त्याला जे कळलं नाही ते कागदावर उघडं पडतं. त्याने हिंदीत लिहू दे. दुसऱ्या मुलाने कोकणीत लिहिलं तरी चालेल. इंग्रजी एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत, ऑडिटरसाठी तुम्ही नंतर करा. फ्लोअरवर जी भाषा बोलली जाते तीच मशीनवर चिकटवलेल्या कागदावर असू दे. दर शनिवारी त्याने लिहिलेलं मामांना वाचून दाखवायचं आणि मामांनी फक्त 'हय' किंवा 'ना' म्हणायचं. 'ना' म्हटल्यावर पुढची दहा मिनिटं ते आपोआप बोलतील.

मामांच्या बोटांना आकडे जोडता येतात तिथे जोडा. स्टार्चचा गम साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊन चिकटतो. कॉस्टिक आणि बोरॅक्स किती पडलं त्यावर तो बिंदू सरकतो. गम किती जाड आहे ते तळाला भोक असलेल्या कपातून तो किती सेकंदांत गळतो त्यावरून मोजतात. हे सगळं तुम्ही शिकलेलं आहे, मीटरही तुमच्याकडे असणार. खेळ असा करा: मामांनी आधी बघून सांगायचं, 'जाड आसा' किंवा 'बरो आसा', आणि मुलाने मग कप लावायचा. कागद चिमटीत धरून मामा म्हणतील 'ओलो', मग मॉइश्चर मीटर. पंधरा दिवस असे जोड आकडे लिहिले की मामांच्या 'जाड' म्हणजे किती सेकंद, पावसात किती आणि उन्हात किती, ते दिसायला लागेल. काही ठिकाणी मामा आणि मीटर जुळणार नाहीत. तिथे मीटर बरोबर असं धरू नका. मामा कदाचित तुमच्या मीटरला न दिसणारं काहीतरी बघत असतील. रोलचा आवाज, वाफेचा वास, कागद ताणला जातो तेव्हाची कडेची सुरकुती. ते आकड्यात येणार नाही, ते मुलाने शेजारी उभं राहूनच उचलायचं आहे.

कागद किती पुरतो आणि कुठे अपुरा पडतो याची एक गोष्ट मालकांना जरूर सांगा. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या तळाशी पाच एफ-१ इंजिनं होती. त्यांचे आराखडे नासाकडे आहेत. तरीही २०१३ च्या सुमारास नासाच्या हंट्सव्हिल केंद्रातल्या तरुण इंजिनियरांना ते इंजिन समजून घ्यायचं होतं, तेव्हा त्यांनी जपून ठेवलेलं जुनं इंजिन खोलून त्याचा एकेक भाग स्कॅन केला. कारण प्रत्येक इंजिन हाताने जुळवलेलं होतं. वेल्डरांनी आणि फिटरांनी जागच्या जागी केलेल्या बारीक दुरुस्त्या आराखड्यात उतरल्या नव्हत्या आणि ती माणसं केव्हाच घरी गेली होती. तिथे निदान खोलून बघायला इंजिन तरी होतं. तुमचा गम तर रोज संपतो.

आता ते सॉफ्टवेअर. त्याच्याशी भांडू नका, विकत घेतलेली वस्तू मालक परत करत नाहीत. फक्त आठवड्याला दोन 'लर्निंग'ची सक्ती आणि ते पॉइंट बंद करायला सांगा. 'मशीन स्वच्छ ठेवावे' लिहिणाऱ्यांना मी दोष देणार नाही. मोजून मागितलं की माणूस मोजून देतो, आणि मोजायला सगळ्यात स्वस्त असेल तेच देतो.

याउलट झेरॉक्स कंपनीत काय झालं ते बघा. जुलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात त्यांच्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनांबरोबर फिरला. त्याला दिसलं की मॅन्युअल जिथे संपतं तिथे ही माणसं एकमेकांना मशीनचे किस्से सांगून दुरुस्ती काढतात. जेवताना, कॉफी पिताना, सुट्या भागांच्या खोलीत. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने युरेका नावाची व्यवस्था उभी केली, आधी फ्रान्समध्ये. टेक्निशियनने युक्ती पाठवायची, दुसऱ्या अनुभवी टेक्निशियनांनी ती तपासायची, चालते म्हटलं तरच सगळ्यांसाठी खुली करायची, पाठवणाऱ्याच्या नावासकट. युक्तीमागे पैसे द्यावेत का, याचीही चर्चा झाली आणि टेक्निशियनांकडूनच नको असं आलं. त्यांना नाव पुरेसं होतं. (तुम्ही म्हणाल, मग मामांना पैसे द्या असं का सांगताय? त्या टेक्निशियनांची नोकरी पुढच्या महिन्यातही चालू राहणार होती. मामांची नाही. युक्तीला भाव लावू नका, माणसाच्या दिवसांना लावा.)

तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर मशीनला एकच पान ठेवा. त्यात युक्ती कमी असल्या तरी चालतील, पण प्रत्येकीपुढे सांगणाऱ्याचं नाव, ती कुणी वापरून पाहिली त्याचं नाव आणि तारीख. 'ही मामांची' असं तिथे दिसलं पाहिजे. वर्षभर कुणी न उघडलेलं काढून टाका. गोदामात जुना रील ठेवायला तुम्ही जागा मोजता, मग इथे का नाही?

मालकांना ही भाषा गळी उतरत नसेल तर ऑडिटची भाषा वापरा. तुमचे औषधवाले गिऱ्हाईक गुणवत्तेचं प्रमाणपत्र मागतच असतील. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम आहे, संस्थेच्या ज्ञानाबद्दलचं. कामाला कुठलं ज्ञान लागतं ते ठरवा, ते टिकवा, लागेल त्याला मिळेल असं ठेवा, आणि बदल होत असतील तर आपल्याकडे काय आहे ते तपासा, एवढंच ते म्हणतं. सॉफ्टवेअर घ्या असं त्यात कुठेही नाही. मामांची निवृत्ती हा त्या कलमातला बदलच आहे. करारपत्र, शनिवारच्या नोंदी आणि आकड्यांची वही ऑडिटरपुढे ठेवलीत तर तो 'मशीन स्वच्छ ठेवावे' या पाचशे नोंदींपेक्षा जास्त खूश होईल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण मला ती सगळ्यात जास्त खटकली. रात्रपाळीच्या ऑपरेटरला मेमो. त्या माणसाने त्या रात्री काय काय करून पाहिलं असेल! गम पातळ केला असेल, मशीन हळू चालवलं असेल, कुणाला तरी फोन लावला असेल. त्या रात्रीची हकीकत म्हणजे तुमच्या कारखान्यातला वाकणाऱ्या बोर्डावरचा सगळ्यात मोलाचा धडा होता, आणि तुम्ही तो शिस्तभंगाच्या फायलीत घातलात. आता पुढच्या वेळी बोर्ड वाकला तर रजिस्टरमध्ये 'कागद खराब' लिहिलं जाईल. कुणालाही तेच सुचेल.

अमेरिकन लष्करात सरावानंतर एक बैठक घेतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं, एवढ्याच प्रश्नांची. तिथे हुद्दे बाजूला ठेवून बोलायची मुभा असते आणि तिथे बोललेलं शिक्षेसाठी वापरत नाहीत. तुमच्याकडे पाळी बदलताना मशीनपाशी उभ्याउभ्या दहा मिनिटं पुरतील. पण आधी त्या ऑपरेटरचा मेमो मागे घ्यायला सांगा. मागे घेतलेला मेमो नोटीस बोर्डावर लावायची गरज नाही, बातमी आपोआप पसरते. मग त्याला आणि मामांना चहाला एकत्र बसवा आणि त्या रात्रीची गोष्ट त्याच्याकडून पुन्हा सांगवून घ्या. मामा मधे बोलल्याशिवाय राहणार नाहीत. झारखंडच्या मुलाला वही घेऊन शेजारी बसू द्या.

डायरीचं राहिलंच. ती मागू नका. करारपत्र मिळालं, मुलगा कायम झाला, शनिवारी वाचून दाखवणं सुरू झालं, की एखाद्या 'ना'च्या वेळी मामा स्वतःच खिशातून ती काढून तारीख बघतील. तेव्हा पान उलटू नका, फक्त विचारा, 'हे अठरा म्हणजे काय मामा?' काढली नाहीच तर राहू द्या, ३० सप्टेंबरला ती त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्या. पुढच्या जूनमध्ये ते परत येतील तेव्हा डायरीही खिशात असेलच.

करारपत्राचं मालक पंधरा दिवसांत हो म्हणाले नाहीत तर मला पुन्हा लिहा. तोवर पाऊस चांगला धरलेला असेल, आणि मग त्यांना समजावण्यापेक्षा रिजेक्शनचं रजिस्टर दाखवणं सोपं जाईल.